उज्जैनचा रेसिडेंट आणि त्याचे अपुरे कुटुंबचित्र

१३ मार्च १८०० रोजी पुण्यात नाना फडणवीसांचे निधन झाले. मराठी राज्यातील शहाणपण आणि नेमस्तपणा नानांबरोबरच संपला, अशा आशयाचे पत्र तेथील इंग्रज रेसिडेंटाने आपल्या वरिष्ठांना धाडले. मराठी इतिहासग्रंथांत हा अभिप्राय असंख्य वेळा आला आहे. तो लिहिणारा रेसिडेंट म्हणजे कर्नल विल्यम पामर. पुण्यास येण्यापूर्वी सुमारे दशकभर तो शिंद्यांच्या दरबारी कंपनीचा वकील होता आणि त्याच काळात शिंद्यांची राजधानी असलेल्या उज्जैनीत त्याचा मुक्काम पडला होता. पामरचे राजकारण मराठी अभ्यासकांना परिचित आहे. त्याचे घर मात्र फारसे कोणाला ठाऊक नाही. त्या घराचे एक तैलचित्र लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. अठराव्या शतकातील इंग्रजी कुटुंबचित्रांच्या परंपरेत ते बसते आणि त्याच वेळी त्या परंपरेची चौकट मोडतेही.

चित्रात कोण आहे

चित्र साधारणपणे १७८५ सालचे मानले जाते आणि ते लखनौत रंगवले गेले. मध्यभागी लाल लष्करी पोशाखातील पामर बसला आहे. त्याच्या लगत जमिनीवर त्याची पत्नी फैज बक्ष बसली आहे. अंगावर लखनौच्या उमरावी घराला साजेसा पायघोळ पोशाख व ओढणी, पाय अनवाणी आणि मांडीवर तान्हे मूल. हे मूल म्हणजे हेस्टिंग्ज. पामरचा आश्रयदाता गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज याचे आडनाव त्याला नाव म्हणून दिले होते. १७८० मध्ये जन्मलेला थोरला मुलगा विल्यम आणि त्याच्या पाठची मुलगी मेरी हीही चित्रात आहेत. दुसरी एक खानदानी स्त्री शेजारी बसली आहे आणि भोवती घरातील दासी आहेत. चेहरे व आकृती बऱ्याच अंशी पूर्ण झाल्या असल्या, तरी पार्श्वभूमी आणि कडेचा बराच भाग अपुरा राहिला आहे.

पामरचा जन्म १७४० सालचा. लष्करी नोकरीत तो प्रथम वेस्ट इंडीज बेटांवर गेला. तेथील सेंट किट्स बेटावरील सारा हेझेल हिच्याशी त्याचा विवाह झाला. पुढे तो बंगालच्या सैन्यात आला, हेस्टिंग्जच्या विश्वासातील माणूस बनला आणि १७८२ च्या सुमारास लखनौस गेला. मूळच्या इराणी, दिल्लीत आणि नंतर अवधमध्ये स्थिरावलेल्या एका मुसलमान घराण्यातील फैज बक्ष हिच्याशी तोपर्यंत त्याचा संसार जमला होता. मुसलमानी रीतीने जुळलेल्या या नात्याला इंग्रजी कायद्याच्या दृष्टीने विवाहाचे स्थान नव्हते. तरीही तो संसार पस्तीस वर्षांहून अधिक काळ, पामरच्या मृत्यूपर्यंत टिकला.

झोफनी आणि त्याची चित्रपद्धती

हे चित्र आज योहान झोफनी या चित्रकाराच्या नावावर सांगितले जाते. झोफनीचा जन्म १७३३ मध्ये जर्मनीतील फ्रँकफुर्टजवळ झाला. त्याचे वडील एका सरदाराच्या पदरी लाकडी सामानाचे कारागीर होते. १७६० मध्ये झोफनी लंडनला आला, तेव्हा घड्याळांच्या तबकड्यांवर चित्रे काढून त्याला गुजराण करावी लागली. प्रसिद्ध नट डेव्हिड गॅरिक याच्या आश्रयामुळे त्याचे दिवस पालटले. पुढे राजा तिसरा जॉर्ज व राणी शार्लट यांचा तो आवडता चित्रकार झाला आणि १७६९ मध्ये राजाच्या शिफारशीने रॉयल अकादमीचा सभासदही झाला.

झोफनीची खरी हातोटी होती ती कुटुंबाच्या समूहचित्रांत. भव्य, एकट्या, भारदस्त व्यक्तिचित्राऐवजी मध्यम आकाराच्या फलकावर घरातील माणसे एकत्र दाखवायची. कोणी चहा पीत आहे, कोणी वाद्य वाजवीत आहे, मुले कुत्र्याशी खेळत आहेत, असा हा प्रकार. अठराव्या शतकातील सुखवस्तू इंग्रज कुटुंबांना तो फार प्रिय होता. त्यात घरगुती सहजता दिसे, पण त्यामागे हिशेब असे. कोण मध्यभागी, कोण बसलेला, कोण उभा, कोणाचा हात कोणाच्या खांद्यावर, यावरून घराण्यातील नाते, वारसा आणि प्रतिष्ठा सांगितली जाई. असे चित्र म्हणजे दिवाणखान्यात टांगलेली वंशावळच होती.

फ्लॉरेन्समधील कलादालनाचे झोफनीने रंगवलेले गर्दीचे चित्र राणीच्या पसंतीस उतरले नाही. दरबारी आश्रय ओसरल्यावर १७८३ मध्ये तो नशीब काढण्यासाठी हिंदुस्थानात आला. कलकत्ता आणि लखनौ ही त्याच्या कामाची दोन केंद्रे होती. लखनौच्या कोंबड्यांच्या झुंजीचे त्याचे चित्र आज लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. कलकत्त्याच्या सेंट जॉन चर्चमधील ‘शेवटचे भोजन’ हेही त्याचेच. १७८९ मध्ये तो इंग्लंडला परतला आणि १८१० मध्ये लंडनलगतच्या आपल्या घरी वारला.

कडेचा माणूस मध्यभागी

पामर कुटुंबाच्या चित्राचे वेगळेपण कळण्यासाठी झोफनीने हिंदुस्थानात रंगवलेली इतर कुटुंबे पाहावीत. कलकत्त्यातील ऑरिअल आणि डॅशवुड घराण्यांच्या चित्रात इंग्रज स्त्रीपुरुष झाडाखाली चहा घेत आहेत आणि हिंदी नोकर भोवती उभे आहेत. सरन्यायाधीश एलिजा इम्पी याच्या कुटुंबचित्रात त्याची लहान मुलगी हिंदी वादकांच्या साथीवर नाचते आहे. वादक आणि दाया भोवताली आहेत. वॉरन हेस्टिंग्ज व त्याची पत्नी यांच्या चित्रात, जे आता कोलकात्याच्या व्हिक्टोरिया स्मारकात आहे, हिंदी दासी मालकिणीच्या मागे उभी आहे. या सर्व चित्रांत हिंदी माणूस आहे, पण तो कडेला आहे. तो घरातला असला, तरी कुटुंबातला नाही.

पामरच्या चित्रात ही मांडणी बदलते. हिंदी स्त्री मध्यभागी, गृहस्वामीच्या निकट, त्याच्या मुलाला मांडीवर घेऊन बसलेली आहे. इंग्रजी कुटुंबचित्रात पत्नीला आणि वारसाला जे स्थान मिळे, तेच येथे फैज बक्ष आणि तिच्या मुलांना मिळाले आहे. कायद्याने जे नाते मानले नाही, ते रंगांनी मान्य केले.

गोव्यातील वाचकाला मिश्र विवाहांचा इतिहास नवा नाही. १५१० मध्ये गोवा जिंकल्यावर आल्बुकर्कने पोर्तुगीज शिपायांच्या स्थानिक स्त्रियांशी विवाहांना राज्याचे धोरण म्हणूनच उत्तेजन दिले; अट होती ती स्त्रीच्या बाप्तिस्म्याची. इंग्रज कंपनीनेही १६८७ मध्ये मद्रासच्या शिपायांसाठी असेच धोरण आखले होते आणि अशा विवाहातील मुलाच्या बाप्तिस्म्याला इनामही ठेवले होते. शंभर वर्षांनी मात्र त्या कंपनीचा विचार पूर्ण उलटला. पामरचे चित्र त्या बदलाच्या अगदी उंबरठ्यावर रंगवले गेले.

उज्जैनचा मुक्काम

हेस्टिंग्ज १७८५ मध्ये इंग्लंडला परतल्यावर पामरचे महत्त्व कमी झाले नाही. १७८७ मध्ये त्याची नेमणूक महादजी शिंद्यांकडे रेसिडेंट म्हणून झाली. उत्तर हिंदुस्थानच्या राजकारणाची दोरी तेव्हा महादजींच्या हाती होती. दिल्लीचा बादशाह शाहआलम त्यांच्या संरक्षणाखाली होता. १७९२ च्या आरंभी पामर आग्र्याहून उज्जैनकडे निघाला. त्याच्यासोबत असलेला डॉक्टर विल्यम हंटर याने या प्रवासाचा वृत्तांत लिहिला आणि तो कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संशोधनग्रंथांत प्रसिद्ध झाला. वाटेतील गावे, किल्ले, पिके, खडक यांबरोबरच अठराव्या शतकाच्या अखेरचे उज्जैन त्यात पाहावयास मिळते.

हिंदी ज्योतिषशास्त्रात मध्यरेखेचे स्थान मानलेल्या या नगरीत सवाई जयसिंहाने वेधशाळा उभारली होती. हंटरने तिची पाहणी केली आणि जयसिंहाच्या ज्योतिषकार्यावर स्वतंत्र निबंध लिहिला. जयसिंहाच्या एका सहकाऱ्याचा नातू असलेल्या पंडिताशी त्याची भेट झाली आणि युरोपीय भूमितीचे संस्कृत भाषांतर या घराण्याकडे असल्याचे त्याला समजले. पामरच्या तैनातीतील या डॉक्टरामुळे उज्जैनच्या वेधशाळेचे एक आरंभीचे इंग्रजी वर्णन उपलब्ध झाले.

महादजी त्याच वर्षी पुण्यास गेले आणि १२ फेब्रुवारी १७९४ रोजी वानवडीस त्यांचे देहावसान झाले. त्यानंतरही पामर दौलतराव शिंद्यांकडे कंपनीचा प्रतिनिधी राहिला. १७९६ मध्ये शाहआलमने फैज बक्ष हिला ‘साहिब बेगम’ ही पदवी दिली. इंग्रजी कायद्याने जिला पत्नी मानले नाही, तिला दिल्लीच्या बादशाहाने बेगम म्हटले आणि तेव्हा ती दिल्ली शिंद्यांच्या फौजेच्या पहाऱ्यात होती.

शेजारी बसलेली स्त्री

चित्रातील दुसऱ्या स्त्रीविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. ती पामरची आणखी एक पत्नी असावी, असा समज पूर्वी होता. अलीकडचे अनेक अभ्यासक ती फैज बक्षची बहीण नूर बेगम असल्याचे मानतात. हे मत ग्राह्य धरले, तर चित्राचा शिंद्यांच्या दरबाराशी दुसराही धागा जुळतो. मराठी इतिहासग्रंथांतील डी बॉयन म्हणजे महादजींची कवायती पलटणे उभारणारा, पाटण, मेडता आणि लाखेरी येथील विजयांचा सेनापती. त्याने १७८८ मध्ये मुसलमानी रीतीने जिच्याशी विवाह केला, ती स्त्री हीच नूर बेगम, असे काही इतिहासकारांचे प्रतिपादन आहे. तसे असेल, तर कंपनीचा रेसिडेंट आणि शिंद्यांचा सेनापती हे दोघे परस्परांचे साडू ठरतात.

डी बॉयनच्या या पत्नीची कथा करुण आहे. ती पतीबरोबर इंग्लंडला गेली, हेलेना बेनेट हे नाव तिने धारण केले. मुलगी बानू जान ही ॲन झाली आणि मुलगा अली बक्ष हा चार्ल्स अलेक्झांडर झाला. मात्र १७९८ मध्ये डी बॉयनने एका तरुण फ्रेंच सरदारकन्येशी लग्न केले आणि हेलेना एकाकी पडली. ससेक्स परगण्यातील हॉर्शम गावाजवळ तिने उरलेले आयुष्य काढले आणि १८५३ मध्ये ती तेथेच वारली.

चित्रकाराच्या नावाचा वाद

स्त्रियांच्या ओळखीप्रमाणेच चित्रकाराच्या नावावरही एकमत झालेले नाही. सहीसारखा निर्णायक पुरावा नसल्याने रंगलेपन, चेहऱ्यांची घडण आणि काळ यांवरूनच निर्णय करावा लागतो. कंपनीकालीन चित्रकलेच्या अभ्यासक मिल्ड्रेड आर्चर यांनी हे चित्र फ्रान्चेस्को रेनाल्डीचे असल्याचे मत मांडले. रेनाल्डीचा जन्म लंडनमध्ये १७५५ साली झाला आणि तो १७८६ मध्ये कलकत्त्यास पोहोचला. त्याने लखनौ आणि ढाका येथे काम केले आणि इंग्रजांच्या घरांतील मुसलमान स्त्रियांची काही नितांत सुंदर व्यक्तिचित्रे काढली. हुक्का घेऊन गालिच्यावर रेललेल्या स्त्रीचे त्याचे १७८९ सालचे चित्र अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. स्त्रियांच्या पोशाखातील तलमपणा आणि त्यांच्या चेहऱ्यावरील शांत गांभीर्य पाहता रेनाल्डीचे नाव पुढे येणे स्वाभाविक होते.

याउलट समूहाची बांधणी, मुलांच्या हालचाली आणि पामरच्या आकृतीची सहज ठेवण झोफनीची आठवण करून देते. काळाचा प्रश्नही येथे गुंतला आहे. हेस्टिंग्ज पामर १७८५ मध्ये जन्मला आणि चित्रात तो तान्हा आहे. चित्र त्याच वर्षीचे असेल, तर रेनाल्डी तेव्हा हिंदुस्थानात आलेलाच नव्हता; ते त्याचे म्हणायचे, तर साल निदान एका वर्षाने पुढे न्यावे लागते. आज ब्रिटिश लायब्ररीत झोफनीचे नाव ग्राह्य धरले जाते.

१७९१ चा हुकूम

चित्रातील थोरला मुलगा विल्यम अकरा वर्षांचा झाला, तेव्हा त्याच्या भवितव्यावर घाला घालणारा निर्णय लंडनहून आला. १७९१ मध्ये कंपनीच्या संचालकांनी असे ठरवले की, ज्याचे आई किंवा वडील हिंदी आहेत अशा कोणालाही कंपनीच्या मुलकी, लष्करी किंवा आरमारी सेवेत अधिकारपद मिळणार नाही. १७९५ मध्ये लष्कराचा नियम आणखी कडक झाला. दोन्ही बाजूंनी युरोपीय वंश नसलेल्यांना तेथे वाजंत्री, ढोलवाले आणि घोड्यांना नाल ठोकणारे यांखेरीज जागा उरली नाही. बापाने ज्या कंपनीची आयुष्यभर चाकरी केली, त्या कंपनीचे दार मुलाला बंद झाले, कारण चित्रात त्याच्याजवळ बसलेली स्त्री त्याची आई होती.

विल्यमचे शिक्षण इंग्लंडमध्ये झाले, पण नोकरी त्याला पत्करावी लागली ती हैदराबादच्या निजामाच्या सैन्यात. १८१२ मध्ये ती सोडून त्याने हैदराबादेत पेढी काढली. धाकटा भाऊ हेस्टिंग्ज, एक गुजराती सावकार आणि पुढे काही इंग्रज हे तिचे भागीदार होते. निजाम सरकारला जबर व्याजाने कर्ज देऊन ही पेढी प्रचंड मोठी झाली. १८२० मधील साठ लाखांच्या कर्जाने तर कलकत्त्यापर्यंत खळबळ उडवली. रेसिडेंट चार्ल्स मेटकाफ याने पेढीविरुद्ध मोहीम उघडली आणि १८२४ मध्ये तिचे दिवाळे निघाले. पेढीचे व्यवहार निर्दोष नव्हते, निजामाची रयत त्या व्याजाखाली भरडली गेली, हेही नोंदवले पाहिजे. विल्यम १८६७ मध्ये हैदराबादेतच वारला.

त्याचा सावत्र भाऊ जॉन हा पामरच्या पहिल्या पत्नीचा मुलगा. आईवडील दोघेही युरोपीय असल्याने त्याला कोणताही अटकाव नव्हता. कलकत्त्यात तो व्यापाऱ्यांचा राजा म्हणून गाजला. त्याचीही पेढी १८३० मध्ये बुडाली. व्यापारातले अपयश दोघांच्याही वाट्याला सारखेच आले. मात्र जॉनने व्यापार निवडला होता. विल्यमपुढे फारसा दुसरा मार्गच ठेवलेला नव्हता.

पुण्याचा शेवटचा अंक

१७९८ मध्ये पामर पुण्याचा रेसिडेंट झाला. त्याच्या आधी अनेक वर्षे या पदावर असलेला चार्ल्स मॅलेट यानेही अंबर कौर या हिंदी स्त्रीशी संसार केला होता. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचे प्रसिद्ध चित्र रंगवणारा स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स याने तिचे व्यक्तिचित्र काढले आहे. मॅलेटने मायदेशी परतल्यावर १७९९ मध्ये याच वेल्सच्या मुलीशी विवाह केला. पामरने तसे केले नाही. फैज बक्ष पुण्यातही त्याच्यासोबत होती. हैदराबादचा रेसिडेंट जेम्स किर्कपॅट्रिक याची पत्नी खैरुन्निसा हिच्याशी तिची घनिष्ठ मैत्री जडली. त्या दोन घरांतील पत्रव्यवहारामुळे त्या काळच्या या मिश्र कुटुंबांचे अंतरंग इतिहासकारांना कळू शकले.

गव्हर्नर जनरल वेलस्लीला मात्र हिंदी दरबारांशी सबुरीने वागणारे रेसिडेंट नको होते. १८०१ मध्ये पामरला दूर करून त्याच्या जागी बॅरी क्लोज आला. पुढच्याच वर्षाच्या अखेरीस वसईचा तह झाला आणि पेशवाईचे स्वातंत्र्य संपुष्टात आले. नानांबरोबर संपलेल्या नेमस्तपणाविषयी लिहिणारा माणूसच नेमस्त असल्यामुळे बाजूला सारला गेला.

पामर १८१६ मध्ये बंगालमधील बऱ्हामपूर येथे वारला. मृत्युपत्रात त्याने फैज बक्ष साहिब बेगम हिचा उल्लेख पस्तीस वर्षांहून अधिक काळची प्रेमळ मैत्रीण व सोबतीण असा केला. पत्नी हा शब्द तेथे नाही. ती १८२८ मध्ये मुलांच्या गावी, हैदराबादेत वारली. पामरची पुण्यातील कागदपत्रे रियासतकार सरदेसाई यांनी १९३९ मध्ये संपादित केली. त्यांतून दरबार, तह आणि कारस्थाने कळतात. घर कळत नाही. ते घर या अपुऱ्या चित्रातच उरले आहे आणि मृत्युपत्राने न वापरलेला शब्द त्यातील मांडणी उघडपणे उच्चारते.